पैज लावून पाहावी अशी मालिका : ‘बेटर कॉल सॉल’

गुन्हेगारी मालिका सुरू झाली की कोण वाचणार आणि कोण जाणार यावर घरात, ऑफिसात, सोसायटीच्या बाकावर पैजा लागतातच. पण बऱ्याच मालिका या पैजांच्या लायकीच्या नसतात. रोजच्या मालिकेत पात्राचं मरण कथेत ठरतच नाही. कलाकाराच्या तारखा मिळेनाशा झाल्या की पात्र दरीत कोसळतं, टीआरपी घसरला की तेच पात्र नव्या चेहऱ्याने परत येतं. तिथे पडद्यावरचे धागेदोरे जमवून हाती काही लागत नाही. ‘बेटर कॉल सॉल’ अंदाज बांधणाऱ्याचा मान राखते. उत्तरासाठी लागणारं सगळं सामान ती डोळ्यांसमोर मांडून ठेवते आणि उत्तर आल्यावर मागे जाऊन ते पडताळता येतं. चार-पाच जणांनी मिळून शनिवार-रविवारी बघायला याहून चांगली गुन्हेगारी मालिका सुचवता येणार नाही. मात्र आधी थोडी तयारी लागते. ती न करता बसलात तर निम्मी मजा पहिल्याच आठवड्यात जाते.

आधी एक सूचना. या परीक्षणाच्या पूर्वार्धात कोणाचंही मरण फोडलेलं नाही. पुढे जिथे ‘इथून पुढे उत्तरं आहेत’ असं लिहिलंय, तिथे मालिका न पाहिलेल्यांनी थांबावं.

मालिका २०१५ ते २०२२ या काळात अमेरिकेत एएमसी वाहिनीवर आली. सहा सीझन, ६३ एपिसोड. ‘ब्रेकिंग बॅड’ या २००८ ते २०१३ मधल्या मालिकेतला वकील सॉल गुडमन हा आधी जिमी मॅक्गिल नावाचा धडपड्या वकील होता, त्याची ही पूर्वकथा. गोष्ट घडते न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की शहरात, मुख्यतः २००२ ते २००४ या वर्षांत. दोन्ही मालिका आपल्याकडे नेटफ्लिक्सवर आहेत.

कोणती आधी पाहायची, हा प्रश्न नेहमी येतो. ‘ब्रेकिंग बॅड’ आधी, यात दुमत नको. काळाच्या क्रमाने पूर्वकथा आधी पाहावी असं काहीजण सुचवतात, पण अंदाज बांधणाऱ्यासाठी तो सल्ला घातक आहे. पूर्वकथेतली सगळी पैज ‘पुढे २००८ मध्ये कोण हजर आहे आणि कोण नाही’ या एका गोष्टीवर उभी आहे. ते माहीत नसेल तर वहीत लिहायला काही उरत नाही. शिवाय पूर्वकथेचं पहिलंच दृश्य ‘ब्रेकिंग बॅड’नंतरच्या काळातलं आहे, त्यामुळे उलट्या क्रमाने गेलात तर पहिल्या पाच मिनिटांत मोठं गुपित फुटतं.

हिशेब असा. ‘ब्रेकिंग बॅड’चे ६२ आणि याचे ६३, मिळून १२५ एपिसोड. एकेक साधारण पाऊण तासाचा, काही त्याहून मोठे. शनिवारी दोन आणि रविवारी दोन असे पाहिले तर ३२ आठवडे, म्हणजे जवळजवळ आठ महिने. यापेक्षा वेगाने पाहू नये. दिवसाला पाच एपिसोड पाहणाऱ्याला अंदाज बांधायला वेळच मिळत नाही, आणि ही मालिका दोन एपिसोडच्या मधल्या आठवड्यात मनात जास्त चालते.

प्लॅन निवडताना घाई करू नका. १४९ रुपयांचा मोबाइल प्लॅन फक्त फोन आणि टॅबवर चालतो आणि चित्र ४८० पिक्सेलचं असतं. या मालिकेला ते पुरत नाही. हे वकिलांचं जग आहे. पत्ते, सह्या, तारखा, गाडीची नंबर प्लेट, सगळं वाचावं लागतं. दुसऱ्या सीझनमध्ये एका पत्त्यातल्या १२६१ या आकड्याचा १२१६ होतो आणि पुढचं फार मोठं रामायण त्या दोन आकड्यांच्या अदलाबदलीतून घडतं. फोनच्या पडद्यावर तो कागद नुसता पांढरा ठिपका दिसतो. १९९ च्या प्लॅनमध्ये टीव्ही चालतो, चित्र ७२० चं. ४९९ मध्ये १०८० मिळतं. पाच जणांत आठ महिने ४९९ चा प्लॅन घेतला तर माणशी ८०० रुपयांच्या आत काम होतं. जुलै २०२३ पासून भारतातही एका घरापुरतंच खातं वापरायचा नियम आहे, त्यामुळे कोथरूडमध्ये एक आणि वाघोलीत एक असं बसून चालणार नाही. एकाच्याच घरी जमा. वाद घालायलाही तेच बरं.

आता ॲपची मांडणी. मालिका कितीही प्रामाणिक असली तरी ॲप गुपित फोडतं, आणि ते बहुधा तीन जागी.

पहिली जागा म्हणजे आपोआप सुरू होणारा पुढचा एपिसोड. या मालिकेत शेवटची फ्रेम, तिच्यानंतरची शांतता आणि श्रेयनामावली यांना वजन आहे. तेवढ्यात कोपऱ्यात पुढच्याचं चित्र आलं आणि त्यात एखादा चेहरा दिसला, की ‘तो वाचला का’ या प्रश्नाचा निकाल लागला. हे बंद करायला ब्राउझरमध्ये खातं उघडा, आपलं प्रोफाइल निवडा आणि प्लेबॅक सेटिंग्जमध्ये जा. तिथे दोन चौकटी दिसतील, एक पुढचा एपिसोड आपोआप लावण्याची आणि दुसरी यादी चाळताना झलक आपोआप दाखवण्याची. दोन्हींवरची खूण काढून सेव्ह करा. टीव्हीवर फरक दिसला नाही तर दुसऱ्या प्रोफाइलमध्ये जाऊन परत या.

दुसरी जागा एपिसोडची यादी. प्रत्येकाखाली दोन ओळींचा सारांश आणि एक चित्र असतं. गटासाठी वेगळं प्रोफाइल काढा आणि यादी उघडायची वेळच येऊ देऊ नका. मुखपृष्ठावरून ‘पुढे चालू’ दाबलं की पुरे. त्या प्रोफाइलवर कोणी एकट्याने चोरून पुढचा एपिसोड पाहिला तर सगळ्यांचा क्रम बिघडतो, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा.

तिसरी जागा सबटायटल. कर्णबधिरांसाठीच्या, म्हणजे सीसी लिहिलेल्या सबटायटलमध्ये पडद्याबाहेरून बोलणाऱ्याचं नाव छापून येतं. अंधारातून आवाज आला आणि तो कोणाचा हे ओळखायचं असेल, तर नाव आधीच वाचलेलं असतं. साधी इंग्रजी सबटायटल मिळाली तर ती घ्या. स्पॅनिश संवादांचं भाषांतर तसंही पडद्यावर येतं.

आवाजाबद्दल खास पुण्यासाठी. ही मालिका अतिशय हळू बोलते. कित्येक मिनिटं एकही संवाद नसतो, फक्त पाना फिरल्याचा किंवा खडीवरून पावलं जाण्याचा आवाज. टीव्हीच्याच स्पीकरवर ऐकणार असाल तर ऑडिओत ५.१ ऐवजी साधा स्टिरिओ पर्याय निवडा, संवाद वर येतात. आणि नदीकाठी राहणाऱ्यांनी गणपतीआधीच्या दोन महिन्यांत संध्याकाळची वेळ टाळावी. ढोल-ताशाचा सराव सुरू असताना माइक या अबोल पात्राचं दृश्य पाहणं म्हणजे ते न पाहण्यासारखंच. रात्री साडेनऊनंतर बसा.

संपलेली मालिका निवडण्याचा आणखी एक फायदा. नवी मालिका नेटफ्लिक्सवर साधारणपणे कॅलिफोर्नियाच्या मध्यरात्री येते, म्हणजे पुण्यात उन्हाळ्यात दुपारी साडेबारा आणि हिवाळ्यात दीड. हिंजवडीहून घरी पोचेपर्यंत कोण मेलं ते मोबाइलवर कळून चुकलेलं असतं. इथे ती शर्यत नाही. फक्त कोणत्याही पात्राचं नाव गूगलवर टाकू नका. पहिली दोन अक्षरं टाइप होताच खाली सुचवलेल्या शब्दांतच उत्तर येतं.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून डिस्कचा सेट मागवायचा विचार काहीजण करतात. डिस्कचा फायदा खरा आहे. चित्र एकेका फ्रेमने पुढे नेता येतं, जे ॲपवर जमत नाही; ॲपवर तर स्क्रीनशॉट घ्यायला गेलं तरी काळा चौकोन येतो. पण अमेरिकेतली डीव्हीडी विभाग १ ची असते आणि भारत विभाग ५ मध्ये येतो. ब्लू-रे तिकडचा विभाग ए, आपला सी. विभागाचं कुलूप नसलेला प्लेअर घरी नसेल तर सेट शोकेसमध्ये शोभेला राहील. मागवण्याआधी प्लेअर तपासा. डिस्कवरच्या निर्मात्यांच्या गप्पाही दुसऱ्यांदा पाहताना ऐका, पहिल्यांदा नको.

आता वही. साधी दोनशे पानी पुरे, पण रकाने आधी आखा : पात्र, शेवटचं जिवंत कुठे दिसलं, ‘ब्रेकिंग बॅड’मध्ये दिसतं का, तिथे निदान नाव येतं का, त्याच्यावर कोणाचा राग आहे, अंदाज, आणि कोणत्या एपिसोडनंतर नोंदवला. शेवटचा रकाना सोडू नका, नाहीतर ‘मी आधीच म्हणालो होतो’ला अंत राहत नाही.

पात्रांचे तीन गट आपोआप पडतात. पहिला गट २००८ मध्ये जिवंत दिसणाऱ्यांचा : सॉल, माइक, अंमली पदार्थांचा व्यापारी गस फ्रिंग, व्हीलचेअरवरचा टोळीवाला हेक्टर, सॉलचा धिप्पाड अंगरक्षक ह्यूएल. यांच्यावर बंदूक रोखली तरी कोणी मरणार नाही. यांच्याबाबत ‘वाचेल का’ विचारण्यात अर्थ नाही, ‘कशाच्या मोबदल्यात’ एवढंच विचारा. तिसरा गट ज्यांचं ‘ब्रेकिंग बॅड’मध्ये नावसुद्धा नाही : जिमीची जोडीदार वकील किम वेक्सलर, वकील हॉवर्ड हॅम्लिन, जिमीचा मोठा भाऊ चक. खरा रस मधल्या गटात. तिथे टोळीतली दोनच माणसं आहेत, नाचो आणि लालो, आणि दोघांचा उल्लेख एकाच दृश्यात, एकाच श्वासात येतो.

ते दृश्य दोनदा, तीनदा पाहा. ‘ब्रेकिंग बॅड’, दुसरा सीझन, आठवा एपिसोड, प्रक्षेपण २००९ चं. रात्रीचं वाळवंट. सॉलला हात बांधून, खणलेल्या खड्ड्याच्या काठावर गुडघ्यांवर बसवलंय, समोर तोंड झाकलेले दोघे. आपल्याला कोणी मारायला आणलंय हे त्याला ठाऊक नाही. घाबरून तो आधी सगळा दोष इग्नासिओवर ढकलतो, मग विचारतो की तुम्हाला लालोने पाठवलं नाही ना? ते नाव त्यांना माहीतच नाही असं दिसल्यावर त्याचा जीव भांड्यात पडतो. ही दोन नावं २००९ मध्ये नुसती तोंडातून निघून गेली होती. इग्नासिओ म्हणजेच नाचो. पुढे मालिका करताना लेखकांनी त्या दोन नावांना हाडामांसाची माणसं दिली.

या एका संवादातून किती बाजू निघतात ते पाहा. सॉल २००८ मध्ये लालोला घाबरतो, म्हणजे लालो जिवंत आहे? की तो मेलाय, पण सॉलला त्याची खात्री कधीच पटलेली नाही? आणि इग्नासिओवर दोष ढकलतो, तो इग्नासिओ अजून कुठेतरी आहे म्हणून, की मेलेल्या माणसावर दोष ढकलण्यात धोका नसतो म्हणून? चारही उत्तरांना पडद्यावर आधार सापडतो. प्रत्येकाने यातलं एक उत्तर निवडून कारणासकट लिहावं.

गुण देण्याची पद्धत : भवितव्य बरोबर आलं तर एक गुण, कोणाच्या हातून हे बरोबर आलं तर आणखी एक, आणि पडद्यावरचं कारण पटण्यासारखं असेल तर दोन. बाहेरच्या बातमीवरून अंदाज केला तर एक वजा. नटाचा करार, मुलाखत, आजारपण, हे काही चालणार नाही. सीझन संपल्यावर सर्वांत कमी गुणवाल्याने मस्तानी पाजावी.

नवे लोक कुठे चुकतात? एक चूक जवळजवळ सगळे करतात : ‘ब्रेकिंग बॅड’मध्ये दिसला नाही म्हणजे मेला. अल्बुकर्की साडेपाच लाखांच्या वर वस्तीचं शहर आहे, माणूस गाव सोडून जाऊ शकतो, नातं तोडू शकतो. दुसरी चूक चेहऱ्यांची. पूर्वकथा नंतर चित्रित झाली, त्यामुळे २००२ मधला माइक २००८ मधल्या माइकपेक्षा म्हातारा दिसतो. सुरकुत्यांवरून काळ ठरवायला गेलात तर फसाल. फोन, गाड्या, सॉलच्या ऑफिसची सजावट बघा. कृष्णधवल भाग दिसला की समजा, आपण नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरात, सगळं होऊन गेल्यानंतरच्या काळात आहोत.

एपिसोडच्या नावांकडेही लक्ष असू द्या. दुसऱ्या सीझनच्या दहा नावांची इंग्रजी आद्याक्षरं घेऊन पुन्हा जुळवली की ‘फ्रिंग परत आलाय’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य बनतं. ‘ब्रेकिंग बॅड’च्या दुसऱ्या सीझनमधल्या चार विशिष्ट नावांची ओळ लावली तर सीझनचा शेवट आधीच वाचता येतो. सहाव्या सीझनमध्ये पहिल्या नऊ नावांत ‘अमुक आणि तमुक’ असा साचा आहे. दहाव्याला तो मोडतो. का मोडतो, ते पाहणाऱ्यानेच शोधावं.

इथून पुढे उत्तरं आहेत.

नाचोचं मरण सहाव्या सीझनच्या तिसऱ्या एपिसोडमध्ये येतं, आणि ते कसं मांडलंय ते पाहिलं की या मालिकेवर विश्वास बसतो. एपिसोड उघडतो तेव्हा पडद्यावर माणूस नाही. कोरडी जमीन, एक निळं रानफूल, त्यावर पडणारा पाऊस, आणि मातीत अडकलेला काचेचा तुकडा. बस, एवढंच. बरेचजण याला सुंदर चित्र समजून सोडून देतात. तासाभराने कळतं, की नाचो जिथे गुडघ्यांवर बसला होता ती हीच जागा, आणि हातांचा बंध त्याने काचेनेच कापला. शेवटची गोळी तो स्वतःच्या हाताने झाडतो, दुसऱ्या कोणाला झाडू देत नाही. उत्तर पहिल्या मिनिटात समोर ठेवलं होतं. ज्याने वहीत ‘काच’ असं लिहिलं असेल त्याला तीन गुण द्यायला हरकत नाही.

हॉवर्डचं मात्र वेगळं. आपल्या गाडीच्या पाटीवर ‘नमस्ते’ लिहून हिंडणारा हा वकील अंमली पदार्थांच्या जगात कधी पाऊल टाकत नाही, त्यामुळे वहीत त्याच्यापुढे बहुतेकांनी ‘बदनाम होतो, नोकरी सोडतो’ असं लिहिलेलं असतं. सातव्या एपिसोडमध्ये तो किम आणि जिमीच्या घरी जाब विचारायला येतो. कॅमेरा मेणबत्तीच्या ज्योतीवर जातो, ज्योत हलते. कोणीतरी दार उघडलंय. लालो आत येतो. हॉवर्डला तो कोण हेही ठाऊक नाही, आणि काही क्षणांत सगळं संपतं. इथे काहींची तक्रार असते की याचा अंदाज बांधणं शक्यच नव्हतं. तक्रार पटत नाही. वकिलांची गोष्ट आणि टोळ्यांची गोष्ट सहा सीझन शेजारीशेजारी चालली होती आणि दोन्हींना जोडणारं एकच दार होतं, जिमीच्या घराचं. ते कधीतरी उघडणारच होतं. चुकीच्या वेळी आत कोण बसलेलं असेल, एवढाच प्रश्न होता.

आठव्यात लालो जातो, गसच्या हातून. हॉवर्ड आणि लालो दोघांना एकाच खड्ड्यात पुरतात, लाँड्रीखालच्या गसच्या अर्धवट बांधलेल्या अंमली पदार्थांच्या प्रयोगशाळेत. ‘ब्रेकिंग बॅड’चे नायक वॉल्ट आणि जेसी ज्या फरशीवर महिनोन्महिने काम करतात, तिच्याखाली हे दोघे आहेत. आता २००९ चं वाळवंटातलं दृश्य पुन्हा लावा. लालो मेलाय, आणि तरी सॉलच्या मनात तो जिवंत आहे. संवाद तोच असला तरी माणूस आता वेगळा दिसतो.

उणिवाही आहेत. पहिले दोन सीझन संथ आहेत. फक्त मरणांची यादी करायला बसलेल्याला तिसऱ्या सीझनपर्यंत फार काही हाती लागत नाही, आणि गटातला एखादा तोवर गळतोच. टोळ्यांचा हिशेब आठव्या एपिसोडला मिटतो, त्यानंतरच्या संथ कृष्णधवल भागांत वहीचे निम्मे रकाने निरुपयोगी होतात. तरीही ते भाग गाळू नका. ह्यूएल ‘ब्रेकिंग बॅड’मध्ये, २०१३ साली, एका खोलीत बसलेला सोडून दिला होता, तो तिथून सुटला की नाही याचं उत्तर नऊ वर्षांनी, २०२२ मध्ये, अकराव्या एपिसोडमध्ये एका फोनवरच्या बोलण्यात मिळतं. कान देऊन ऐका, दोन वाक्यांत संपतं.

किमचं उत्तर इथे लिहिलेलं नाही, मुद्दाम. तीही नेब्रास्काची आणि ओमाहाही नेब्रास्कातलं, एवढ्या एका धाग्यावर लोकांनी वर्षानुवर्षं अंदाज रचले. मूळ प्रक्षेपणात सातव्या आणि आठव्या एपिसोडमध्ये सात आठवड्यांची खोटी होती, २३ मे ते ११ जुलै २०२२. तुम्ही निदान एक आठवडा तरी थांबा. सातवा संपला की टीव्ही बंद करा, प्रत्येकाने किमबद्दल एकेक चिठ्ठी लिहावी : जिवंत की नाही, कुठे, आणि जिमीशी पुन्हा बोलते की नाही. चिठ्ठ्या डब्यात घालून डबा ज्याच्या घरी जमता त्याच्या आईकडे द्या, आणि तेरावा एपिसोड श्रेयनामावलीसकट संपल्यावरच परत मागा.